दुसरी पदवी, पहिलं कर्ज अजून चालू: पैसा कुठून उभा करावा?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या शिरोड्याची. वय ३१. बी. फार्म. झाले ते गोव्याबाहेरच्या खाजगी कॉलेजातून, चार लाखांचं शैक्षणिक कर्ज काढून. सध्या वेर्णे औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या परवाने-नोंदणी विभागात आहे. हातात ३४ हजार येतात. जुन्या कर्जाचे ८५ हजार बाकी आहेत, हप्ता ५,६००. म्हणजे अजून सोळा-सतरा हप्ते. घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. नवऱ्याची नोकरी हॉटेलात. मोसमात बरं चालतं, पावसात हात आखडता घ्यावा लागतो.

मला तीन वर्षांचं एलएल. बी. करायचं आहे. पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात चौकशी केली. फी वर्षाला दोन लाख, राहणं-जेवण धरून आणखी दीड. तीन वर्षांचे साडेदहा लाख. आमच्या बँकेच्या शाखेत गेले, तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "एक पदवी आहे ना? मग आता दुसरी कशाला?" आणि अर्जसुद्धा दिला नाही. मी तशीच बाहेर आले आणि बसस्टॉपवर येऊन रडले.

विचारायचं एवढंच: दुसऱ्या पदवीला कर्ज मिळतच नाही का? पहिलं चालू असताना दुसरं देतात का? बँकेशिवाय आणखी कुठून पैसा उभा राहतो? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

झुवारीकाठ
एकतीस वय, लहान मूल, एक कर्ज डोक्यावर. ताई, मनापासून सांगतो, साडेदहा लाख काढू नका. पदवीने पोट भरतं असं नाही. वेर्ण्यात चांगली नोकरी आहे, ती धरून ठेवा.

शेवंती_१२
झुवारीकाठ, त्यांनी "शिकू का?" असं विचारलंच नाही हो. "पैसा कुठून आणू?" असं विचारलंय.

सुकी_सुंगटां
+१ शेवंतीताई.

खातेवही
मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची अकरा वर्षं कर्ज विभागात होतो. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट. काउंटरवर जे झालं ते चूक झालं. भारतीय बँक संघाची शैक्षणिक कर्जाची जी नमुना योजना आहे, तीत वयाची अट नाही, आणि एक पदवी असली म्हणजे दुसरीला कर्ज नाही असंही नाही. योजना नमुना आहे, प्रत्येक बँक त्यात आपापले फेरफार करते, पण अर्ज न घेताच परत पाठवण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज भरा. ते २०१५ पासून चालू आहे. तिथे अर्जाचा क्रमांक मिळतो, आणि नाकारला तर कारण नोंदवावं लागतं.

दुसरी गोष्ट. त्या नमुना योजनेत पुढच्या शिक्षणासाठी वाढीव कर्जाची सोय आहे. पहिल्या कर्जाच्या सवलतीच्या काळातच, म्हणजे अभ्यास अधिक नंतरचं एक वर्ष, यात पुढचा अभ्यासक्रम सुरू झाला, तर दोन्ही कर्जं जोडून परतफेड दुसरा अभ्यासक्रम संपल्यावर सुरू करता येते. तुमचे हप्ते कधीच सुरू झालेत, त्यामुळे तुम्हाला ती लागू नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण धागा वाचणाऱ्या एखाद्या बावीस वर्षांच्या मुलाला उपयोगी पडेल. पदवी संपताच पुढे शिकायचं असेल तर हप्ते सुरू व्हायच्या आत बँकेत जा.

तुमचं दुसरं कर्ज स्वतंत्र कर्ज म्हणून बघितलं जाईल. चार लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा वाटाही नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीमुळे तारण मागायचं नाही, पण चार लाखांच्या वर गेलात की देशातल्या शिक्षणाला पाच टक्के तुमचे घालावे लागतात. साडेसातच्या वर तारण. सहकर्जदार म्हणून लग्न झालेल्यांना नवरा किंवा बायको चालते. बँक बघणार ती दोन गोष्टी: जुन्या कर्जाचे हप्ते वेळेवर गेले का, आणि नवऱ्याच्या उत्पन्नाचा कागद आहे का. हॉटेलातला पगार रोख असेल तर आजपासून तो खात्यात घ्यायला सांगा.

रानमोगरा
खातेवही काका, देव बरें करूं. एकही हप्ता चुकलेला नाही. बाळंतपणाच्या रजेतसुद्धा नाही.

खातेवही
मग तुमची बाजू भक्कम आहे. त्या शाखेत पुन्हा जा आणि यावेळी थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा.

भिरंड
मी फोंड्यात शिक्षक आहे. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेबद्दल कुणी बोललं नाही अजून? नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तारण नाही, जामीन नाही, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजाची सूट. ताईंना ही बसेल की.

खातेवही
भिरंड सर, योजना चांगली, पण ती ठरावीक संस्थांपुरतीच आहे. मानांकनात वर असलेल्या आणि केंद्र सरकारच्या मिळून सुरुवातीला ८६० संस्था होत्या. आपलं फर्मागुडीचं आयआयटी, कुंकळ्ळीचं एनआयटी त्यात येतात, पण ताईंना कायदा शिकायचाय. पुण्याचं ते कॉलेज यादीत आहे का ते आधी बघायचं. आणि प्रवेश गुणवत्तेवर हवा, व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना नाही.

साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना अभ्यासाच्या काळातलं पूर्ण व्याज माफ करणारी केंद्राची जुनी योजना आहे, २००९ पासूनची. पण ती आयुष्यात एकदाच, पहिल्या पदवीला किंवा पदव्युत्तरला. रानमोगरा, तुम्ही बी. फार्म.ला ती घेतली होती का?

रानमोगरा
हो, घेतली होती. बाबांचं उत्पन्न तेव्हा बसत होतं.

खातेवही
मग ती संपली. तो दरवाजा बंद.

सांतेर
इतर मागासवर्गीय किंवा अनुसूचित जातीच्या कुणी ताईंसारखा विचार करत असेल तर एक सांगते. मी स्वतः यात अडकले होते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की एक टप्पा झाल्यावर त्याच टप्प्याचा दुसरा अभ्यासक्रम घेतला, म्हणजे बी. ए. नंतर बी. कॉम., तर शिष्यवृत्ती नाही. एका व्यवसायाचं शिक्षण पुरं करून दुसऱ्या व्यवसायाकडे गेलात तरी नाही. उदाहरणच दिलंय: बी. एड. नंतर एलएल. बी. मी बी. एड. होते आणि एलएल. बी.लाच प्रवेश घेतला होता! पहिल्या वर्षाची फी शिष्यवृत्तीतून परत मिळेल या भरवशावर उसनवारी केली होती. ती फेडायला दोन वर्षं लागली. म्हणून फॉर्म भरण्याआधी नियमावली ओळ न् ओळ वाचा.

शेवंती_१२
सांतेरबाय, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. किती जणांना माहीतच नसतं.

पाटोपूल
करसल्लागार आहे, पणजीत. व्याजावरची सूट विसरू नका. आयकराच्या ८०ई कलमाखाली शैक्षणिक कर्जाचं भरलेलं सगळं व्याज उत्पन्नातून वजा होतं, कमाल मर्यादा नाही, परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं. पहिली पदवी की दुसरी, फरक पडत नाही. मात्र कर्ज बँकेचं किंवा मान्य संस्थेचं हवं. सासऱ्यांकडून, मालकाकडून घेतलेल्याला नाही.

झुवारीकाठ
पाटोपूल, तुम्ही तज्ज्ञ आहात, पण ही सूट जुन्या करपद्धतीतच मिळते ना? ताईंचा पगार वर्षाला चार-सव्वाचार लाख. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही. मग ८०ई घेऊन करायचं काय?

पाटोपूल
बरोबर धरलंत. ताईंना त्याचा उपयोग नाही. ज्यांचं उत्पन्न जास्त आहे आणि गृहकर्जामुळे जुन्या पद्धतीत राहिलेत त्यांनाच. कर्ज "करात वाचेल" म्हणून कुणी वाढवून घेऊ नका, हेही यातून घ्या.

चिकूवाडी
अवांतर होतंय, पण विचारतो. मुलाने मुंबईत एम. एस्सी. केली, आता जर्मनीत दुसरी मास्टर्स करतो म्हणतो. तिथे सरकारी विद्यापीठांत फी नाही असं तो सांगतो. मग कर्ज कशाला हवं त्याला?

पाटोपूल
बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो आहेत. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च अडवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात दाखवावा लागतो, २०२५ मध्ये तो ११,९०४ युरो होता. कर्ज लागतं ते ह्यासाठी. बँकेच्या कर्जातून पैसे बाहेर पाठवले तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापत नाहीत.

जे. एन. टाटा एन्डाउमेंटलाही अर्ज करायला सांगा. १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूप शिष्यवृत्ती देतात. ती परत करायची असते, पण बँकेशी तुलना केलीत तर जमीन-अस्मानाचा फरक.

चिकूवाडी
आभार. घरातला एक वाद मिटला.

पेडणेकाठ
धागा दोनदा वाचला. माझं वय ७४. माझं लिहिणं कितपत उपयोगी आहे ते तुम्हीच ठरवा.

आमच्या वडिलांच्या पिढीला मुक्तीपूर्वी पुढे शिकायचं तर बेळगाव, धारवाड, नाहीतर मुंबई. गोव्यात आर्ट्स-सायन्सची कॉलेजं उघडली ती १९६२ मध्ये, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले. मी बी. ए. गोव्यातच झालो आणि शाळेत लागलो. मग लक्षात आलं की बी. एड. नसेल तर पुढे सरकता येणार नाही. त्यासाठी कोल्हापूरला जायचं ठरवलं. पैसा नव्हता. आईने हातातल्या दोन पाटल्या काढून वडिलांपुढे ठेवल्या. त्या पेडण्याच्या बाजारात सोनाराकडे गहाण पडल्या. व्याज महिन्याचं महिन्याला द्यायचं. मी कोल्हापूरला एका वकिलांच्या घरी दोन मुलांची शिकवणी घ्यायचो, तिथे रात्रीचं जेवण मिळे. वर्षभराने परतलो, पगार वाढला, पहिल्या सहा महिन्यांत पाटल्या सोडवल्या. आईने त्या परत घातल्या तेव्हा तिचे हात रोडावले होते. पाटल्या सैल झाल्या होत्या.

सोनं गहाण टाकण्याला मी नको म्हणत नाही. पण मुदत आपल्या हातात हवी. माझा अभ्यास एक वर्षाचा होता. तीन वर्षं सोनं गहाण राहिलं तर ते आपलं राहत नाही, असं आमच्या वेळी म्हणत.

सुकी_सुंगटां
आजोबा, वाचून पोटात कालवलं. आजच आईला फोन करते.

कोंबमडगाव
मी वकील आहे, मडगावात. तारणाबद्दल लिहितो, कारण बाहेरच्या राज्यांतल्या लेखांत ही गोष्ट सापडणार नाही.

साडेसात लाखांच्या वर गेलात तर बँक घर किंवा जमीन मागते. गोव्यात इथेच गाडी अडते. आपल्याकडच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक, त्यामुळे घर गहाण टाकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. वडिलोपार्जित घर असेल आणि वारसांची वाटणी, म्हणजे इन्व्हेंटरी, झालेली नसेल, तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले. सहा भाऊ म्हणजे बारा सह्या. त्यातला एक कुवेतला, एक लंडनला. २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, पण दाव्याला वेळ लागतो, प्रवेशाची तारीख तेवढी थांबत नाही.

घर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या, जागेत असेल किंवा मुंडकारी, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत, असून खरेदीपत्र झालेलं नसेल, तर ते बँकेच्या कामाचं नाही. फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कुणाचं आहे ते आधी बघा. माझ्याकडे दर जूनमध्ये चार-पाच पालक येतात, हातात मुलाचं प्रवेशपत्र, आणि घराचे कागद आजोबांच्या नावावर.

रानमोगरा
कोंबमडगाव, आमचं घर सासऱ्यांच्या नावावर, तेही गेलेत. तीन दीर-नणंदा. म्हणजे तारणाचा विषय संपला. साडेसातच्या आतच बसवायला हवं.

खातेवही
मग आकडे मांडतो. फक्त फी धरा, सहा लाख, व्याज १० टक्के, दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख उचलले. अभ्यासाच्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षी २० हजार, दुसऱ्या ४०, तिसऱ्या ६०, आणि पास झाल्यावरच्या एका वर्षाचे आणखी ६०. म्हणजे एक हप्ता न भरता १ लाख ८० हजार चढले. परतफेड सुरू होताना मुद्दल ७ लाख ८० हजार. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ १३ हजार. एकूण पावणेअकरा लाखांच्या पुढे.

तेच शिकताना व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना १,६६७, दुसऱ्या ३,३३३, तिसऱ्यापासून ५ हजार, तर हप्ता १० हजारांच्या आत राहतो. शिवाय अभ्यासाच्या काळात व्याज भरणाऱ्याला अनेक बँका एक टक्का सूट देतात, बायकांना बऱ्याच बँकांत अर्धा टक्का वेगळी. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

पण बाय, यात पुण्यातलं राहणं-जेवण नाही, आणि तुझा ३४ हजारांचा पगार तीन वर्षं बुडाला तो तर कुणी धरलाच नाही. तो बारा लाखांच्या वर जातो. ह्या शिक्षणाची सर्वांत मोठी फी तीच आहे.

झुवारीकाठ
हेच मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही.

सुकी_सुंगटां
मी मडगावला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, एक साधा प्रश्न. पुणेच कशाला? शिरोड्याहून बोरी पूल ओलांडला की मडगाव. कारे लॉ कॉलेज तिथेच, मिरामारला साळगावकर लॉ. दोन्हीकडे तीन वर्षांचं एलएल. बी. आहे. माझी वर्षाची फी त्या दोन लाखांच्या आसपासही नाही. आमच्या वर्गात एक बँकेतले काका आहेत, एक पंचायत सचिव आहेत, दोन मुलांची आई आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ती आम्हा सगळ्यांच्या नोट्स तपासते!

कोंबमडगाव
सुंगटां बरोबर सांगते. पण हजेरीची गोष्ट गांभीर्याने घ्या. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, अपवादात्मक कारणाने ६५ पर्यंत सूट. पत्रद्वारा एलएल. बी. होत नाही. तेव्हा वर्गांच्या वेळा आणि कंपनीची शिफ्ट एकमेकांत बसतात का ते आधी कागदावर मांडा. कंपनीची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी देणारा साहेब बदलून जातो.

झुवारीकाठ
मी आणखी एक वाट सुचवतो. रानमोगरा, परवाने-नोंदणी विभागात आहात म्हणजे पेटंटकडे जायचा विचार असेल. पेटंट एजंटची परीक्षा द्यायला एलएल. बी. लागतच नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि वय २१ पूर्ण, एवढंच. बी. फार्म. चालतं. माझ्या पुतणीने नोकरी सांभाळून दिली. इग्नूचा बौद्धिक संपदेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तोही घरबसल्या. कर्ज काढायची वेळच येणार नाही.

भिरंड
हे उत्तम. आणि २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली आहे, एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ.

कोंबमडगाव
भिरंड, एलएल. बी.च्या जोडीला काही घेण्याआधी बार कौन्सिलचे नियम बघायला हवेत, ते दोन नियमित पदव्या एकत्र चालू देत नाहीत. झुवारीकाठ, पेटंट एजंटचं म्हणणं अगदी खरं. फक्त एजंट पेटंट कार्यालयापुढे काम करतो, न्यायालयात उभा राहू शकत नाही.

रानमोगरा
झुवारीकाठ दादा, तुम्ही वाट दाखवलीत, मनापासून आभार. पण खरं कारण मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

माझं माहेर मुंडकारी घरात. आई लग्न होऊन त्या घरात आली, आजी तिथेच वारली. भाटकाराशी वाद सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. मामलेदाराच्या कचेरीत आईबरोबर मी जायचे, कारण तिला मराठी वाचता येतं पण इंग्रजी नोटीस कळत नसे. तारीख, पुन्हा तारीख. कधी मामलेदार निवडणुकीच्या कामावर, कधी समोरचे वकील नाहीत. आमचे वकील चांगले होते, पण तिला समजेल असं कुणी सांगत नसे. बाहेर आल्यावर ती मला विचारायची, "किदें म्हणलें गो तांणीं?" आणि मला अर्धंच कळलेलं असायचं. घर शेवटी आमच्या नावावर झालं. बाबा ते बघायला नव्हते.

मला त्या कचेरीत आईसारख्या बायकांच्या शेजारी उभं राहायचं आहे. कंपनीचं काम माझं पोट आहे, ते मी सोडणार नाही. पण शिकायचं ते ह्यासाठी.

शेवंती_१२
...

माझ्याकडे शब्द नाहीत गो. तू शिकच.

पेडणेकाठ
बाळ, शिक.

झुवारीकाठ
ताई, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. माझ्या आईचंही असंच होतं. कर्ज कमीत कमी कसं लागेल एवढंच आता बघूया.

शेवंती_१२
मी काय केलं ते सांगते, कारण माझीही दुसरी पदवी होती. बी. एड., दोन वर्षांचं, पस्तिसाव्या वर्षी. बँकेचं कर्ज एक रुपया घेतलं नाही. आमच्या वाड्यावर बाराजणींची भिशी होती, महिना दोन हजार. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, जूनचा नंबर माझा. चोवीस हजार हातात आले, पहिल्या वर्षाची फी गेली. दुसऱ्या वर्षी पीपीएफवर कर्ज घेतलं. खातं उघडल्याच्या तिसऱ्या आर्थिक वर्षापासून सहाव्यापर्यंत ते मिळतं, व्याज पीपीएफच्या दरापेक्षा एक टक्काच जास्त. पोस्टातल्या बाईंनी फॉर्म भरून दिला. पुस्तकं जुनी घेतली. प्रवासाला नवऱ्याने स्कूटर मला दिली आणि तो बसने गेला, दोन वर्षं. हे मी त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही, पण इथे लिहिते.

खातेवही
शेवंतीताई, हे नमुनेदार. रानमोगरा, विमा पॉलिसी जुनी असेल तर तीवरही कर्ज मिळतं, हप्त्याचा तगादा नसतो. फक्त व्याज साचू देऊ नका.

भिरंड
आणि सगळ्यांनी गोव्याचीच योजना कशी विसरली? गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना. व्याज शून्य, मुद्दल तेवढं हप्त्यांनी परत. माझे तीन विद्यार्थी त्यावर शिकले. मामलेदाराकडचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आधी काढून ठेवा, त्याला दिवस लागतात. दुसऱ्या पदवीला आणि ताईंच्या वयाला ती कशी लागू होते, हे महामंडळाच्या पर्वरीच्या कचेरीत कलमावर बोट ठेवून विचारा आणि उत्तर लेखी मागा. कुणाच्या मुलाला नामांकित संस्थेत पदव्युत्तर किंवा पीएच. डी. करायची असेल त्यांनी उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना बघा. ती शिष्यवृत्ती आहे, परत द्यायची नाही.

सांतेर
भिरंड सर, मलाही हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! रानमोगरा, मी फोंड्यालाच असते. पर्वरीला जायचं असेल तर मी येते बरोबर. दोघी असलो की विचारायला धीर येतो.

रानमोगरा
तीन आठवड्यांनी परत येते आहे. जे झालं ते क्रमाने सांगते.

पुणे रद्द. मडगावच्या वर्गांच्या वेळा घेऊन मी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात गेले. दुपारची पाळी कायम द्यायला ते तयार झाले, लेखी. पगार महिन्याला दोन हजारांनी कमी होईल, कारण सकाळच्या पाळीचा एक भत्ता जातो. नवऱ्याबरोबर बसून दोन रात्री हिशेब केला. सासूबाई म्हणाल्या, सकाळी लेकीला मी बालवाडीत सोडते.

सांतेर आणि मी पर्वरीला जाऊन आलो. तिथल्या बाईंनी माझे कागद ठेवून घेतले, रहिवासी दाखला जोडायला सांगितलाय. हो-नाही अजून कळायचंय. नाही झालं तरी फी पगारातून आणि भिशीतून बसते. जुनं कर्ज तेवढं आधी संपवते, मधल्या बोनसमधून.

खातेवही काका, मी त्या शाखेत पुन्हा गेले होते. शाखाधिकारी बाई होत्या. मी काउंटरवरचं सांगितलं. त्यांनी उठून अर्ज काढून दिला आणि क्षमा मागितली. अर्ज घेतला नाही मी, गरज नव्हती. पण बरं वाटलं.

कोंबमडगाव
अभिनंदन. एक शेवटचा खर्च सांगून ठेवतो, म्हणजे तीन वर्षांनी दचकायला नको. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आपल्याला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची घ्यावी लागते. पूर्वी नोंदणीला बरेच पैसे पडायचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की सर्वसाधारण गटाला ७५० रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत, अनुसूचित जाती-जमातींना १२५. आणि लक्षात ठेवा, पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली चालत नाही, तेव्हा तो निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यावा लागेल. तोवर सुट्टीच्या दिवशी माझ्या कचेरीत येऊन बसा. मुंडकारीच्या फायली भरपूर आहेत. वाचायला सुरुवात करा.

रानमोगरा
येते. आईला घेऊन आले तर चालेल ना? तिला बघायचंय वकिलाची कचेरी आतून कशी असते.

कोंबमडगाव
घेऊन या. चहा माझ्याकडे.

सुकी_सुंगटां
पहिल्या दिवशी खिडकीकडचा बाक धरून ठेवते ताई. पंखा तिथेच लागतो.